घटस्फोट होऊन दहा वर्षे झाली, पण त्याचा कागद कुठे आहे?

पुण्यातल्या एका बाईचा घटस्फोट २०१४ साली परस्पर संमतीने झाला, असे समजू. निकालानंतर वकिलांनी हातात एक झेरॉक्स दिली. ती कपाटात गेली, पुढे दोनदा घर बदलले आणि त्यात ती कुठे गेली ते कळले नाही. आता परदेशी नोकरीसाठी व्हिसाचा अर्ज भरायचा आहे आणि त्यात आधीचे लग्न कायद्याने संपल्याचा पुरावा मागितला आहे. वकिलांचा नंबर बदललाय. माजी नवऱ्याला फोन करायची इच्छा नाही. मग हा कागद मागायचा कुणाकडे?

सातबारा आता मोबाइलवर निघतो. जन्माचा दाखला महापालिकेत मिळतो, लग्नाचा दाखला विवाह निबंधकाकडे. घटस्फोटाचा हुकूमनामा मात्र यांपैकी कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. तो ज्या न्यायालयाने दिला, त्याच न्यायालयाच्या दप्तरात असतो आणि तिथूनच त्याची नक्कल काढावी लागते. हे काम अवघड नाही. अडचण एवढीच की ते कसे करायचे हे कुणी सांगत नाही आणि चुकीच्या दारावर हेलपाटे घालण्यातच बहुतेकांचे दिवस जातात.

आधी प्रश्न न्यायालयाचा

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात राज्य सरकारने असे न्यायालय स्थापन करायचे, गरज वाटल्यास इतरत्रही करता येते, अशी त्यात तरतूद आहे. मुंबईचे कौटुंबिक न्यायालय वांद्र्याला आहे, पुण्याचे शिवाजीनगरला. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही. तिथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात चालतो. त्यामुळे तालुक्याच्या गावी झालेल्या प्रकरणाचा कागद जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयात शोधणे व्यर्थ.

त्यातही एक गुंता आहे. हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज कुठे दाखल करायचा, याला अनेक पर्याय असतात. लग्न जिथे लागले तिथे, समोरची व्यक्ती जिथे राहते तिथे, नवराबायको शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असेल तर ती राहते त्या ठिकाणीही. लग्न साताऱ्यात, संसार ठाण्यात आणि माहेर लातुरात असेल, तर प्रकरण या तिन्हीपैकी कुठेही असू शकते. उच्च न्यायालयाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने मध्येच प्रकरण दुसरीकडे वर्ग केले असेल तर त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि निकालाचा कागद ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथे असतो, जिथे अर्ज दाखल झाला तिथे नव्हे.

जुन्या प्रकरणांची गोष्ट आणखी वेगळी. एखाद्या शहरात कौटुंबिक न्यायालय सुरू झाले की प्रलंबित खटले तिकडे जातात. आधीच निकाली निघालेले खटले जात नाहीत, त्यांची दप्तरे जुन्या दिवाणी न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्येच राहतात. आईवडिलांच्या काळातला घटस्फोट शोधणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

शिवाय एका जोडप्याचे सगळे वाद एकाच इमारतीत असतील असेही नाही. घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात, घरगुती हिंसाचाराचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, छळाची फौजदारी केस तिसऱ्याच कोर्टात. पोटगीचा अर्ज कौटुंबिक न्यायालय असलेल्या ठिकाणी तिथे जातो, नसेल तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोटगीच्या आदेशाची नक्कल हवी असणारी बाई घटस्फोटाच्या फायलीत ती शोधत राहते आणि मिळत नाही म्हणून हताश होते. ती फाइलच वेगळी असते.

नंबर सापडला की अर्धे काम झाले

न्यायालयाच्या दप्तरात माणसाला नावाने कुणी ओळखत नाही, प्रकरण क्रमांकाने ओळखतात. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जांची वर्गवारी अक्षरांनी होते. ‘ए’ म्हणजे एकतर्फी मागितलेला घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा वगैरे वैवाहिक अर्ज. ‘डी’ मुलांच्या ताब्याचा. ‘ई’ पोटगीचा. ‘एफ’ परस्पर संमतीचा. जुन्या कागदावर कुठेतरी ‘पी.ए.’ किंवा ‘एफ’ आणि पुढे क्रमांक व वर्ष लिहिलेले असेल, तर तीच किल्ली. वकिलाची पावती, समन्स, तारखेची चिठ्ठी, समुपदेशकाची भेट ठरवलेला कागद, कशावरही तो सापडू शकतो.

काहीच हाताशी नसेल तर ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ किंवा ॲप. त्यावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते, पण वर्ष द्यावे लागते. इथे बहुतेक जण अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर. देशपांडे, दीक्षित, चौधरी ही नावे इंग्रजीत दोनतीन प्रकारे लिहिली जातात आणि टंकलेखकाने कुठला प्रकार वापरला हे कुणालाच माहीत नसते. म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनावाची पहिली काही अक्षरे टाकून पाहावीत. बाईचे नाव सासरच्या आडनावाने लागले असेल की माहेरच्या, दोन्ही करून पाहावे. वर्ष निकालाचे नव्हे तर अर्ज दाखल झाल्याचे असते. आणि शोधताना ‘प्रलंबित’ एवढाच पर्याय निवडला, तर निकाली निघालेले प्रकरण दिसणार नाही, हे तर हमखास विसरले जाते.

प्रकरण सापडले की त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवावा, देशभरात तो त्या एकाच प्रकरणाचा असतो. तारखांचा इतिहासही दिसतो. निकालपत्र मात्र दिसेलच असे नाही. वैवाहिक प्रकरणांत ते बहुधा लोकांसाठी खुले ठेवले जात नाही, आणि दिसले तरी ती प्रमाणित प्रत नसते.

संगणकीकरणाच्या आधीच्या प्रकरणांसाठी हा मार्ग बंद. तिथे न्यायालयात जाऊन शोध अर्ज द्यावा लागतो. दोन्ही पक्षांची नावे आणि अंदाजे वर्षे सांगितली की कर्मचारी नोंदवह्या चाळतात. ‘साधारण नव्वदच्या दशकात’ असे सांगून भागत नाही. लग्नाची तारीख, मुलाचे वय, दुसऱ्या लग्नाचे साल यांवरून दोनतीन वर्षांपर्यंत तरी अंदाज आणावा.

नेमके काय मागायचे?

‘घटस्फोटाचे कागद द्या’ एवढेच म्हटले तर नको ते हातात पडते. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणे असतात. हुकूमनाम्यात विवाह अमुक तारखेपासून संपुष्टात आला, हा अंतिम आदेश असतो. व्हिसासाठी किंवा पुन्हा लग्नासाठी हुकूमनामा मागतात, पण दोन्ही घेतलेले बरे. संमतीच्या घटस्फोटात आणखी एक कागद असतो, दोघांनी सही केलेल्या अटी. फ्लॅट कुणाच्या नावे, मुलाचा ताबा कुणाकडे, एकरकमी पोटगी किती आणि ती दिली की नाही, हे सगळे तिथे. दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की बँक आणि सोसायटी हाच कागद विचारते, आणि तोच नेमका काढलेला नसतो.

रोजनामाही दुर्लक्षित राहतो. प्रत्येक तारखेला काय झाले, कोण हजर, कोण गैरहजर, कुणी मुदत मागितली, याची ती न्यायालयाची डायरी. ‘मला कळवलेच नाही, माझ्या पाठीमागे निकाल घेतला’ अशी तक्रार असेल, तर समन्स बजावल्याचा अहवाल आणि रोजनामा हेच खरे पुरावे. फायलीतल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक असतो, अर्जात तो लिहिला तर हवा तोच कागद मिळतो. विवाह समुपदेशकांपुढे झालेले बोलणे गोपनीय असते, त्याची नक्कल मिळण्याची अपेक्षा करू नये.

आता पैशांची गोष्ट. नक्कल म्हटली की कोर्ट फी स्टॅम्प आणि पानामागे शुल्क आले, असे सगळे धरून चालतात. पण कायद्यात तीन ठिकाणी पहिली प्रत फुकट देण्याची सक्ती आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची आहे. पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला विनामूल्य द्यायची आहे, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२८ मध्ये होते आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. घरगुती हिंसाचार कायद्याचे कलम २४ तर सांगते की आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यालाही मोफत पोहोचली पाहिजे. तिन्ही तरतुदींत ‘द्यावी’ असा आदेश आहे, ‘देता येईल’ असे नाही. निकालाच्या दिवशी ती मागून घेतली, तर या लेखातला बाकीचा खटाटोप टळतो. वर्षांनंतर दुसरी प्रत काढायची तर शुल्क पडते, तेही फार नसते.

पोटगीच्या बाबतीत उशीर महागात पडतो. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट काढायचे तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आदेशाची प्रत सापडत नाही म्हणून सहा महिने घालवले, तर त्या सहा महिन्यांत सर्वात जुने हप्ते या मार्गाने वसूल होण्याच्या पलीकडे जातात.

अर्ज कोण करू शकतो?

पक्षकार स्वतः. वकील लागतोच असे नाही, कौटुंबिक न्यायालयाची तर मूळ कल्पनाच वकिलाविना चालण्याची आहे. नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो. त्यात प्रकरण क्रमांक, दोघांची नावे, निकालाची तारीख, हवे असलेले कागद आणि कारण लिहायचे. सोबत ओळखपत्र न्यावे. परदेशात असलेल्यांना मुखत्यारपत्र देऊन भावाला किंवा मैत्रिणीला पाठवता येते, किंवा वकीलपत्र देता येते. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याची हेल्पलाइन १५१००.

मिळालेल्या नकलेच्या मागे तारखांचा शिक्का असतो. अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली. तो बारकाईने पाहावा. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळले जातात, आणि त्याचा पुरावा हा शिक्काच.

परदेशी वापरासाठी या प्रमाणित प्रतीवर राज्य पातळीवरचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल लागतो. नुसत्या झेरॉक्सवर तो मिळत नाही. भारतीय पासपोर्टसाठी मात्र घटस्फोटाचा हुकूमनामा डिसेंबर २०१६ पासून लागत नाही, तरीही एजंट तो मागतात.

माहिती अधिकारात अर्ज टाकून कागद मिळेल, असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो चुकीचा आहे. न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित प्रती न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्या लागतील, माहिती अधिकारातून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. तिऱ्हाइताला कागद हवा असेल, तर कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वैवाहिक प्रकरणात ती सहजी मिळत नाही, आणि त्यामागे कारण आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ म्हणते की ही कार्यवाही बंद दाराआड चालावी, आणि तिच्याबद्दलचा मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदा आहे. अपवाद फक्त परवानगीने प्रसिद्ध झालेल्या उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांचा. शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड, म्हणजे आजच्या हिशेबात काहीच नाही. पण माजी नवऱ्याचा अर्ज किंवा बायकोची उलटतपासणी फेसबुकवर टाकणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. गंमत अशी, की खालच्या न्यायालयातली फाइल कुलपात असते आणि त्याच वादातला उच्च न्यायालयाचा निकाल दोघांच्या नावांसकट गुगलवर सापडतो.

जुनी दप्तरे किती काळ टिकतात?

सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. न्यायालयीन दप्तर नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना १९१७ च्या कायद्याने दिला आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ जपतात, किरकोळ अर्ज, समन्स, मुदतीचे कागद आधी जातात. म्हणून वीस वर्षांनी हुकूमनामा मिळतो, पण साक्षीचा कागद मिळेल याची खात्री नसते. फायलीत मूळ कागद दिले असतील, म्हणजे लग्नाची पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या, दाखले, तर अपिलाची मुदत संपल्यावर अर्ज करून ते परत घेता येतात. ते परत घेतलेलेच बरे.

शोधूनही सापडत नसेल तर?

एक शक्यता अशी की सापडण्यासारखे काही नसतेच. गावाकडे आजही पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून, नोटरीचा शिक्का मारून ‘घटस्फोट झाला’ असे मानले जाते. एखाद्या समाजात रूढीने काडीमोड मान्य असेल, तर हिंदू विवाह कायदा ती रूढी राखतो. पण तशी रूढी आहे हे सिद्ध करावे लागते. नाही तर त्या स्टॅम्प पेपरने लग्न संपत नाही, आणि त्यानंतरचे दुसरे लग्न कायद्याने शून्य ठरते. त्या लग्नातल्या मुलांना कायदा औरस मानतो. दुसऱ्या बायकोचे बायको म्हणून असलेले स्थान मात्र जाते, बरेचदा नवऱ्याच्या मृत्यूनंतर, पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालताना.

इथे गोपनीयतेची दुसरी बाजू समोर येते. घटस्फोटित स्थळ आले, तर मुलीकडच्यांनी तपासायचे कसे? त्या तिऱ्हाईत ठरतात, नक्कल विभाग त्यांना दारात उभे करणार नाही. त्यांच्या हातात एवढेच उरते की स्थळाकडूनच प्रमाणित प्रत मागावी, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नव्हे, आणि त्यावरचा क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून प्रकरण खरेच आहे का, निकाली निघाले का आणि कधी, एवढे पडताळावे. पुढे अपील झाले का हेही पाहावे, कारण अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील फेटाळले जाईपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपील नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

हे सगळे लोकांवर पडते, कारण महाराष्ट्रात घटस्फोटाची स्वतंत्र नोंदवही नाही. विवाहनोंदणी सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच राज्यांना सांगितले. लग्न मोडल्याची खूण मात्र त्या नोंदीपर्यंत पोहोचत नाही. निकालानंतरही विवाह निबंधकाकडून तोच जुना दाखला, जणू काही झालेच नाही, असा मिळू शकतो.

असे असलेच पाहिजे असे नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायद्यात १९३६ पासून सोय आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की न्यायालय त्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवते आणि निबंधक तो आपल्या नोंदवहीत चढवतो. म्हणजे मुंबईत एका समाजापुरती ही पद्धत जवळजवळ नव्वद वर्षे अस्तित्वात आहे. गोव्यात न्यायालय घटस्फोटाच्या निकालातच नागरी निबंधकाला विवाहाची नोंद रद्द करायला सांगते. उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेत घटस्फोटाच्या हुकुमाची नोंदणी बंधनकारक आहे. त्या संहितेतल्या लिव्ह-इनच्या नोंदणीवर देशभर वाद झाला, घटस्फोटाच्या नोंदणीकडे फारसे कुणी पाहिले नाही. अशा नोंदवहीत भांडणाचा तपशील लागत नाही. दोन नावे, न्यायालय, प्रकरण क्रमांक आणि तारीख पुरते. कलम २२ ची गोपनीयता त्याने मोडत नाही, कारण ती बंद दाराआड काय बोलले गेले त्याची आहे, लग्न संपल्याची नाही.

तोवर पुण्यातल्या त्या बाईसाठी रस्ता ठरलेला आहे. ई-कोर्ट्सवर २०१३ आणि २०१४ ही दोन्ही वर्षे, आडनावाची पहिली अक्षरे, निकाली प्रकरणे, ‘एफ’ अर्ज. क्रमांक मिळाला की शिवाजीनगरच्या नक्कल विभागात अर्ज, हुकूमनामा, निकालपत्र आणि अटी या तिन्हींसाठी. आणि दोन प्रती काढाव्यात, एक व्हिसाच्या फायलीत जाईल, दुसरी घरी राहील.